नाशिक जिल्हा आणि प्रबंधलेखनाची परंपरा

नाशिक जिल्ह्यातील उच्च शिक्षणाच्या इतिहासात पहिले नाव निफाडचे घ्यावे लागते. महादेव गोविंद रानडे यांचा जन्म १८ जानेवारी १८४२ रोजी निफाडला झाला. मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये स्थापन झाले आणि १८६२ मध्ये त्याचे पहिले पदवीधर बाहेर पडले. त्यांत रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही होते. रानडे १८६४ मध्ये एम.ए. झाले आणि १८६६ मध्ये कायद्याची पदवी घेतली. त्या काळच्या एम.ए.साठी प्रबंध लिहावा लागत नसे. ती परीक्षा होती आणि तिच्यासाठी अफाट वाचन करावे लागे. या वाचनामुळे रानड्यांना डोळ्यांचा विकार जडला, तो त्यांना पुढे बराच काळ छळत राहिला. पदव्युत्तर अभ्यास शरीराकडून किती वसूल करतो, हे महाराष्ट्रातल्या पहिल्याच पिढीला कळून चुकले होते.

रानड्यांच्या विद्यार्थिदशेतली आणखी एक हकीकत त्यांचे चरित्रकार सांगतात. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना एका निबंधात त्यांनी मराठ्यांच्या राज्याची इंग्रजी राजवटीशी तुलना केली आणि झुकते माप मराठ्यांना दिले. प्राचार्य अलेक्झांडर ग्रँट यांना ते रुचले नाही आणि रानड्यांची शिष्यवृत्ती सहा महिने बंद झाली. पुराव्याने पटलेले मत लिहायचे की परीक्षकाला रुचेल ते, हा पेच प्रत्येक संशोधक विद्यार्थ्यापुढे आजही उभा राहतो. रानड्यांनी आपले मत सोडले नाही. तोच विषय त्यांनी पुढे अभ्यासून मांडला आणि मराठी सत्तेच्या उदयावरचा त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९०० मध्ये प्रसिद्ध झाला.

विद्यापीठाची पदवी आणि संशोधन यांची सांगड बसायच्या आधीच नाशिकच्या भूमीवर संशोधनपर लेखनाचे उत्तम नमुने तयार होत होते. त्याला कारण शहराजवळची पांडवलेणी. या २४ लेण्यांमध्ये सातवाहन आणि क्षहरात राजांच्या काळचे प्राकृत शिलालेख आहेत. १८७४ मध्ये लंडनला प्राच्यविद्यापंडितांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचे निमंत्रण भांडारकरांना आले होते. ते गेले नाहीत, पण नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांवरचा निबंध त्यांनी पाठवला आणि तो परिषदेच्या वृत्तांतात छापला गेला. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी हेच लेख तपासून १८८३ मध्ये निघालेल्या नाशिक जिल्ह्याच्या गॅझेटियरसाठी मजकूर दिला. पुढे फ्रेंच विद्वान एमिल सनार यांनी ते ‘एपिग्राफिया इंडिका’च्या आठव्या खंडात नव्याने संपादित केले.

या तिघांच्या कामात प्रबंधलेखनाची मूळ शिस्त दिसते. आधी लेखातली अक्षरे जशी वाचता आली तशी द्यायची, मग अर्थ, आणि अनुमान सर्वांत शेवटी. अशी मांडणी असली की अनुमान चुकले तरी लेखन वाया जात नाही. तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा लेख याचे चांगले उदाहरण आहे. हा लेख वासिष्ठीपुत्र पुळुमावीच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षीचा आहे. त्यात बलश्रीचा उल्लेख महाराजाची माता आणि महाराजाची आजी असा येतो, आणि तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी याने क्षहरात वंशाचा उच्छेद केल्याचे सांगितले आहे. या दुहेरी उल्लेखावरून भांडारकरांनी तर्क केला की गौतमीपुत्र आणि पुळुमावी हे पितापुत्र एकाच वेळी राज्य करीत असावेत. पुढच्या बहुतेक अभ्यासकांनी हा तर्क मान्य केला नाही. पण तो खोडून काढण्यासाठी लागणारा मजकूर भांडारकरांनीच वाचकापुढे ठेवला होता. आपल्याविरुद्धचा पुरावाही वाचकाच्या हाती देणे हा अभ्यासकाचा खरा मोठेपणा, आणि भांडारकरांकडे तो होता. त्यांच्यापाशी संशोधनाची कमावलेली पदवी नव्हती. गटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये त्यांना सन्मानाने डॉक्टरेट दिली.

क्षहरातांच्या पराभवाचा दुसरा पुरावा जमिनीतून आला. १९०६ मध्ये सिन्नर तालुक्यातल्या जोगलटेंभी येथे सुमारे १३,२५० चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. सगळी नाणी क्षहरात राजा नहपान याची, पण त्यांतल्या ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा उमटवलेला. रेव्हरंड एच. आर. स्कॉट यांनी या साठ्यावर लिहिताना नाण्यांची मोजदाद दिली, त्यांचे प्रकार नोंदवले आणि नहपानाच्या मुद्रेतला चेहरा सर्व नाण्यांवर सारखा नाही हेही सांगितले. लेण्यातल्या लेखात राजमातेने केलेला दावा आणि जोगलटेंभीची नाणी एकमेकांना दुजोरा देतात. संशोधनाच्या पद्धतीचा पहिला धडा शिकवण्यासाठी नाशिकच्या शिक्षकाला याहून जवळचे उदाहरण शोधावे लागत नाही.

एवढे असूनही नाशिकमध्ये महाविद्यालय निघायला १९२४ साल उजाडले. त्याआधी शहरात वाचनाची सोय होती ती प्रामुख्याने १८४० मध्ये सुरू झालेल्या ग्रंथालयात, म्हणजेच आजच्या सार्वजनिक वाचनालयात. नाशिककर त्याला ‘सावाना’ म्हणतात. प्राचार्य त्र्यं. अ. कुलकर्णी यांच्या पुढाकाराने १९१८ मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या गोखले एज्युकेशन सोसायटीने नाशिकमध्ये हंसराज प्रागजी ठाकरसी महाविद्यालय काढले. आज ते एच.पी.टी. या नावाने ओळखले जाते. त्यामुळे बी.ए.पर्यंतचे शिक्षण गावात मिळू लागले. त्यापुढे शिकायचे, संशोधन करायचे, तर वाट मुंबईची होती.

मुंबई विद्यापीठात पदव्युत्तर अभ्यासाचे स्वरूप याच सुमारास पालटत होते. १९१९ मध्ये तिथे समाजशास्त्राचा विभाग सुरू झाला आणि गो. स. घुर्ये यांच्या काळात एम.ए.साठीही प्रबंध लिहून घेण्याची रीत रुळली. इरावती कर्वे यांनी १९२८ मध्ये चित्पावनांवर लिहिलेला एम.ए.चा प्रबंध हे तिचे सर्वपरिचित उदाहरण. विद्यार्थ्याने एक विषय घ्यायचा, माणसांत जाऊन किंवा दप्तरांत बसून माहिती गोळा करायची आणि मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली ती लिहून काढायची, ही घडण तेव्हापासूनची आहे. या मार्गदर्शकालाच विद्यार्थी ‘गाइड’ म्हणतात.

१९४९ मध्ये पुणे विद्यापीठ सुरू झाले आणि बॅ. मु. रा. जयकर पहिले कुलगुरू झाले. नाशिक जिल्हा या विद्यापीठाच्या कक्षेत गेला. १९९० मध्ये जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ निघाल्यावर धुळे आणि जळगाव तिकडे गेले, नाशिक मात्र पुण्याकडेच राहिले. कागदावर हा साधा प्रशासकीय तपशील वाटतो. नाशिकच्या संशोधक विद्यार्थ्याचे आयुष्य मात्र त्यानेच आखून दिले. नाशिकहून पुणे सुमारे २१० किलोमीटर. थेट लोहमार्ग नसल्याने कल्याणवरून किंवा मनमाड-दौंडवरून वळसा घ्यावा लागतो, म्हणून बहुतेकांचा भरवसा एसटीवर. गाइडची भेट, जयकर ग्रंथालयातले संदर्भ, सिनॉप्सिस सादर करणे, व्हायवा, सगळे पुण्यात. पीएच.डी. करणारी मंडळी बहुधा जिल्ह्यातल्या महाविद्यालयांत शिकवणारी. तास, पेपर तपासणी, घरचा संसार यांतून उरलेल्या सुट्ट्यांमध्ये प्रबंध पुढे सरकायचा. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या शिक्षकांसाठीच्या ‘एफआयपी’ योजनेत पगारी रजा मिळाली की तीच दोन-तीन वर्षे खऱ्या अर्थाने संशोधनाची असत. ज्यांना ती मिळाली नाही त्यांच्या चिकाटीची नोंद कुठल्याही अहवालात नाही, आणि ती असायला हवी होती.

टंकयंत्राच्या काळात लिखाण पूर्ण होणे म्हणजे काम संपणे नव्हते. प्रबंधाच्या चार-पाच प्रती कार्बन लावून काढाव्या लागत. शेवटची प्रत पुसट येई. संस्कृत-प्राकृत शब्दांच्या रोमन लिप्यंतरातली चिन्हे टंकयंत्रात नसत, ती शाईने प्रत्येक प्रतीवर हाताने घालावी लागत. एक तळटीप वाढली की पान पुन्हा टाइप. म्हणून अनुभवी गाइड सांगत की तळटीप लिहितानाच पूर्ण लिहा. ग्रंथ, आवृत्ती, साल, पृष्ठ जागच्या जागी. पुण्याच्या ग्रंथालयात टिपून घ्यायचे राहिलेले एक पृष्ठ नाशिकच्या विद्यार्थ्याला एसटीचा सबंध दिवस खर्ची घालायला लावी. शेवटी कापडी पुठ्ठ्याचे बाइंडिंग आणि त्यावर सोनेरी अक्षरे.

याच काळात नाशिक पुन्हा एकदा संशोधनाचा विषय झाले. १९३९ मध्ये डेक्कन कॉलेज पदव्युत्तर आणि संशोधन संस्था म्हणून नव्याने सुरू झाले होते. तिथले ह. धी. सांकलिया आणि शां. भा. देव यांनी १९५०-५१ मध्ये गोदाकाठच्या मातीच्या गढीवर आणि संगमनेरजवळच्या जोर्वे येथे उत्खनन केले. त्याचा अहवाल १९५५ मध्ये निघाला. ताम्रपाषाण काळापासून मुसलमानी-मराठा अमलापर्यंतचे थर त्यात ओळीने मांडले आहेत. कोणती वस्तू कोणत्या थरात मिळाली हे सांगितल्याशिवाय तिच्यावरून निष्कर्ष काढायचा नाही, हा दंडक अहवालात पाळलेला दिसतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याने तो निष्कर्षांसाठी वाचण्याआधी या मांडणीसाठी वाचावा.

नाशिकमध्ये संशोधनाच्या स्वतंत्र संस्था आल्या त्या १९८० पासून. त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीला १९८० मध्ये नाणकशास्त्राची संशोधन संस्था उभी राहिली आणि नाण्यांचे जाणकार परमेश्वरीलाल गुप्त तिचे पहिले संचालक झाले. जोगलटेंभीच्या जिल्ह्यात अशी संस्था निघावी हे उचितच झाले. १९८९ मध्ये गंगापूर धरणाजवळ गोवर्धन येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ सुरू झाले. राम ताकवले पहिले कुलगुरू. घर आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्यांसाठी अभ्यासकेंद्र, संपर्कसत्र आणि स्वाध्याय अशी रचना या विद्यापीठाने केली. विद्यार्थ्याने विद्यापीठाकडे जायचे ही शंभर वर्षांची रीत तिने उलटी केली.

१९९८ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाचे मुख्यालय नाशिकला म्हसरूळ येथे आले आणि राज्यभरातील एम.डी., एम.एस.च्या विद्यार्थ्यांचे सिनॉप्सिस तिकडे येऊ लागले. वैद्यकातला प्रबंध ही वेगळीच कसोटी आहे. विद्यार्थी हा त्याच वेळी निवासी डॉक्टर असतो; वॉर्ड, अपघात विभाग आणि रात्रपाळी सुटत नाही. तीन वर्षांत विषय ठरवून नैतिकता समितीची मान्यता घ्यायची, रुग्णांची संमती घेऊन नोंदी करायच्या आणि परीक्षेच्या सहा महिने आधी प्रबंध द्यायचा, कारण तो स्वीकारला गेल्याखेरीज परीक्षेला बसता येत नाही. अशा प्रबंधाच्या शेवटी ‘मास्टर चार्ट’ जोडलेला असतो. एका रुग्णाची एक ओळ, नावाऐवजी क्रमांक, पुढे वय, तपासण्या, उपचार, परिणाम. परीक्षकाने कोणताही तक्ता घ्यावा आणि या ओळींवरून पडताळून पाहावा. ज्यांनी चार्ट पहिल्या रुग्णापासून रोजच्या रोज भरला त्यांचे लेखन सुरळीत होते. शेवटच्या वर्षी जुने केसपेपर शोधत बसणाऱ्यांची त्रेधा उडते.

२००९ पासून पीएच.डी.च्या नियमांची घडी बदलली. विद्यापीठ अनुदान आयोगाने प्रवेश परीक्षा आणि संशोधनपद्धतीचा अभ्यासक्रम बंधनकारक केला. प्रबंधाची संगणकीय प्रत देणेही सक्तीचे झाले आणि ‘शोधगंगा’ या संकेतस्थळावर देशभरातील प्रबंध खुले होऊ लागले. २०१६ च्या नियमांनी एका गाइडकडे किती विद्यार्थी असावेत याला मर्यादा घातली: प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा, सहायक प्राध्यापकाकडे चार. स्त्रियांना प्रबंध पूर्ण करण्यासाठी दोन वर्षांची सवलत आणि २४० दिवसांची प्रसूती किंवा बालसंगोपन रजा त्याच नियमांनी दिली. ही तरतूद फार उशिरा आली. २०१८ मध्ये वाङ्मयचौर्याविरुद्धचे नियम लागू झाले. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही, ४० पर्यंत असेल तर सुधारून देण्याची मुभा, ६० पर्यंत असेल तर एक वर्षाची बंदी आणि त्यापुढे नोंदणी रद्द. २०२२ मध्ये एम.फिल. बंद झाले आणि प्रबंध सादर करण्याआधी शोधनिबंध छापण्याची सक्तीही गेली. पैसे घेऊन वाटेल ते छापणाऱ्या नियतकालिकांना या सक्तीने मोठे गिऱ्हाईक मिळवून दिले होते, तेव्हा ती जाणे योग्यच होते.

साम्य तपासणीची एक अडचण मराठी प्रबंधांपुरती आहे. डीटीपीच्या काळात मराठी मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये जुळवला जाई. पडद्यावर देवनागरी दिसली तरी संगणकाच्या लेखी ती रोमन चिन्हे असतात, त्यामुळे तपासणीच्या प्रणालीला असा मजकूर वाचता येत नाही आणि शोधातही तो सापडत नाही. युनिकोडमध्ये टाइप केलेला मजकूर शोधला आणि तपासला जातो. म्हणून मराठीत प्रबंध लिहिणारे आता पहिल्या टिपणापासून युनिकोड वापरतात. जुन्या फॉन्टमधले प्रबंध मात्र रूपांतर करून, अक्षरे पुन्हा तपासूनच उपयोगात आणावे लागतात.