कोंबडी व पिठाचीं फळें

अमेरिकेच्या दक्षिणेकडील संस्थानांत कित्येक गृहिणी 'चिकन अँड डंपलिंग्ज' हा पदार्थ हाटेलासारखा घरीं साधूं पाहतात. इतिहासाच्या वाचकास याचें हंसूं येईल, कारण इ. स. १९६९ त टेनेसींतील लेबनन गांवीं निघालेलें 'क्रॅकर बॅरल' उपाहारगृह तो घरगुती म्हणूनच वाढूं लागलें. मूळ हेतु काटकसरीचा. अंडीं देईनाशी झालेली जून कोंबडी मंद आंचेवर बराच वेळ शिजवावी, पीठ, चरबी व ताक यांची पोळी लाटून तिच्या पट्ट्या त्या रश्शांत सोडाव्या, आणि एकाच पक्ष्यांत सारें कुटुंब जेवूं घालावें. आपल्या वरणफळांची ही बहीणच म्हणाना! पट्ट्यांवरील कोरडें पीठ मात्र झटकूं नये; रस्सा दाटतो तो त्यानेंच. कोंवळ्या कोंबडीनें वेळ वांचतो, पण रस्सा पाणचट राहतो.