एकाच यंत्रात दोन आवृत्त्या

आजचा विषय तांत्रिक आहे, पण सुरुवात आपण दोन गावांच्या नावांनी करू. सातारा आणि सांगली. दोन्हींत अक्षरं किती? कुणीही सांगेल, तीन-तीन. हेच पायथन या संगणकभाषेच्या दुसऱ्या आवृत्तीला विचारलं, तर यूटीएफ-८ मध्ये लिहिलेल्या साध्या मजकुरासाठी उत्तर येतं १८. तिसरी आवृत्ती म्हणते ६. दुसरी बाइट मोजते, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचं. तिसरी युनिकोडची चिन्हं मोजते. त्यात काना, अनुस्वार, वेलांटी ही वेगळी धरली जातात.

आता समजा, एखाद्या पतसंस्थेच्या छपाईच्या प्रोग्रॅममध्ये सभासदाच्या नावाला १० ही मर्यादा घातली आहे. जुन्या आवृत्तीत तीन चिन्हं पूर्ण येतात आणि चौथं मधोमध चिरलं जातं. म्हणून कुणीतरी १० चे ३० करतो. काम भागतं. पुढं आवृत्ती बदलली की तेच ३० तिप्पट मजकूर आत घेतात आणि नाव शेजारच्या रकान्यात घुसतं. कुणी चूक केली म्हणावी? जुन्या आवृत्तीवर कुणाचं तरी चालू काम उभं असतं, ती काढून कशी टाकणार? आणि नवी तर हवीच. या दोघी एकाच घरात कशा नांदवायच्या, हा प्रश्न भाषांना पडतो तसाच प्रोग्रॅमच्या लायब्ररींनाही पडतो, आणि आपल्याला वाटतो त्याहून तो बराच जुना आहे.

१९४९ मध्ये केंब्रिजला एडसॅक हा संगणक सुरू झाला. मॉरिस विल्क्स, डेव्हिड व्हीलर आणि स्टॅन्ली गिल यांनी तिथं वारंवार लागणारी गणितं कागदी फितींवर तयार करून ठेवली. लायब्ररी हा शब्द तिथं अक्षरशः खरा होता. हवी ती फीत काढायची, तिची नक्कल आपल्या फितीवर उतरवायची, मूळ फीत परत जागेवर. मूळ फीत उद्या कुणी सुधारली तरी तुमच्या नकलेला धक्का नाही. त्यामुळं आवृत्त्यांचं भांडणच नव्हतं.

भांडण लागलं ते काटकसरीमुळं. मेमरी आणि डिस्क महाग, म्हणून एकच प्रत ठेवून सगळ्या प्रोग्रॅमनी ती वाटून घ्यायची असं ठरलं. विंडोजमध्ये या सामाईक प्रती म्हणजे डीएलएल फायली. नव्वदच्या दशकात नवं सॉफ्टवेअर टाकताना ते आपली डीएलएल त्याच नावानं जुन्यावर चढवायचं. मराठी टायपिंगचं पॅकेज टाकावं आणि हिशेबाचं बंद पडावं, असे प्रकार आपल्यापैकी अनेकांनी भोगलेत. याला ‘डीएलएल हेल’ असंच नाव पडलं. २००१ च्या विंडोज एक्सपीत वेगवेगळ्या आवृत्त्या शेजारी-शेजारी ठेवायची सोय नीट बसली.

युनिक्सवाल्यांचा तोडगा आम्हाला जास्त शहाणपणाचा वाटतो. त्यांनी आकडा नावातच घातला. १९९७-९८ च्या सुमारास लिनक्स ‘लिबसी ५’ वरून ‘लिबसी ६’ वर गेलं, तेव्हा दोन्ही एकाच यंत्रात राहू शकल्या, कारण प्रत्येक प्रोग्रॅम आपल्याला हवी ती आकड्यासकट मागत होता.

सांगलीकरांना हे नवं वाटू नये. पंचांगशोधनाच्या वादात १९२० साली सांगलीतच ज्योतिष संमेलन भरलं होतं. आजही टिळक पंचांगात मकरसंक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते, इतर पंचांगांत १४-१५ ला. आरंभबिंदू वेगळा धरल्यामुळं सुमारे चार अंशांचा फरक पडतो. पण घरात दोन्ही पंचांगं असली तरी बिघडत नाही, वर नाव छापलेलं असतं. बिघडतं केव्हा, तर अधिक महिना एकातून आणि संक्रांत दुसऱ्यातून घेतली तर!

पायथनमध्ये नेमकी हीच अडचण होती. एका जागी एका लायब्ररीची एकच आवृत्ती राहते. दुसरी टाकली की पहिली जाते. जून २०२४ मध्ये नमपाय २.० आली, तेव्हा पहिल्या मालिकेसाठी बांधलेली बरीच पॅकेजेस तिच्यासोबत चालेनात. उपाय आधीपासून होता. २००७ मध्ये इयन बिकिंग यांनी व्हर्च्युअलएनव्ह केलं: प्रत्येक प्रकल्पाला स्वतंत्र खोली, खोलीत आपापल्या लायब्ररी. २०१२ पासून ‘व्हेन्व्ह’ हे तसंच साधन पायथनसोबतच मिळतं. डिस्क स्वस्त झाली आणि आपण फिरून एडसॅकच्या नकलेवर आलो, असं म्हणायला हरकत नाही. फुकट मात्र काही नाही. सामाईक प्रतीत सुरक्षेचं भोक सापडलं तर ते एकदा बुजवून भागतं. इथं खोल्या दहा असल्या तर दहाही उघडून बघाव्या लागतात.

आणखी एक व्यवहारातली गोष्ट. कराडला किंवा सांगलीला अभियांत्रिकी शिकणारी मुलं आख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर घालून गावी नेतात आणि घरच्या यंत्रावर तो चालत नाही. कारण त्या खोलीच्या आत मूळ यंत्राचे पत्ते लिहिलेले असतात. न्यायची ती यादी: लायब्ररीचं नाव, पुढं दोन बरोबरची चिन्हं, पुढं आकडा. ‘पिप फ्रीझ’ ती काढून देतं. त्या यादीवरून घरी नवी खोली बांधायची. गावी नेट अडखळत असेल तर यादीतली पॅकेजेस ‘पिप डाउनलोड’नं प्रयोगशाळेतच उतरवून घ्या, फक्त दोन्हीकडं पायथनची आवृत्ती आणि ऑपरेटिंग सिस्टिम एकच आहे ना, ते आधी बघा.