सर्पगंधाची मुळी आणि 'केमिकल इम्बॅलन्स'

ऐकण्याऐवजी वाचणं ज्यांना सोपं पडतं त्यांच्यासाठी हा आजचा भाग.

"डिप्रेशन म्हणजे केमिकल इम्बॅलन्स. मेंदूत सेरोटोनिन कमी झालं की डिप्रेशन येतं." हे वाक्य तुम्ही कुठल्यातरी रीलमध्ये ऐकलं असणार. कदाचित एखाद्या मैत्रिणीला धीर देताना स्वतःही म्हटलं असेल. वाक्य सोपं आहे आणि त्यात एक दिलासाही आहे: चूक तुझी नाही, रसायनाची आहे. पण हे आलं कुठून? कुणी कधी आजारी माणसाच्या मेंदूतलं सेरोटोनिन मोजलं आणि ते कमी आढळलं, असं झालं का? तर नाही. गोष्ट उलट्या दिशेने घडली. आधी औषधं सापडली, मग ती मेंदूत काय करतात ते बघितलं, आणि त्यावरून आजाराचं कारण काय असेल याचा अंदाज बांधला. या साखळीचं एक टोक आपल्याकडच्या एका झुडपाच्या मुळीत आहे, आणि वाटेत मुंबईही लागते.

गोळी नव्हती तेव्हा

मुंबईत कुणी वेड्यासारखं बोललं की "याला ठाण्याला पाठवा" म्हणतात. पुण्यात तोच विनोद येरवड्यावर होतो. ही गावं विनोदात आली कारण तिथे मनोरुग्णालयं होती. नागपूर आणि रत्नागिरीलाही होती, आजही आहेत. इंग्रजांच्या काळात या जागांना 'लुनॅटिक असायलम' म्हणत, आणि १९१२ च्या कायद्याचं नावच होतं 'इंडियन लुनसी अ‍ॅक्ट'. रुग्णाला भरती कसं करायचं, मॅजिस्ट्रेटचा हुकूम कसा घ्यायचा, त्याच्या मालमत्तेचं काय करायचं, याच गोष्टींनी तो कायदा भरलेला होता. उपचारांबद्दल त्यात फारसं काही नव्हतं, कारण डॉक्टरांच्या हातातही फारसं काही नव्हतं.

युरोपात काय वेगळं होतं? १९३० च्या दशकात तिथे इन्सुलिनचे मोठे डोस देऊन रुग्णाला कोमात नेत आणि परत आणत. पोर्तुगालचे एगास मोनिझ यांनी १९३५ मध्ये मेंदूच्या पुढच्या भागातले धागे कापायची शस्त्रक्रिया सुरू केली, आणि १९४९ मध्ये त्यांना त्यासाठी नोबेलही मिळालं. त्या शस्त्रक्रियेने कितीतरी माणसं कायमची मंद झाली. १९३८ मध्ये रोममध्ये विजेचे झटके द्यायला सुरुवात झाली. सिनेमात दाखवतात ते भयंकर रूप जुन्या काळचं आहे. आज हाच उपचार भूल देऊन होतो आणि तीव्र डिप्रेशनमध्ये खरोखर उपयोगी पडतो. पण त्या काळचं एकूण चित्र असं होतं की रुग्णाला आवरता येत होतं, बरं कसं करायचं ते कळत नव्हतं.

१९३१: एक मुळी, दोन शहरं

सर्पगंधा. हातभर उंचीचं झुडूप, पांढरी-गुलाबी फुलं. त्याची मुळी कितीतरी पिढ्या साप चावल्यावर, ताप आल्यावर, झोप लागत नसली तर दिली जायची. बिहारमध्ये ती चक्क 'पागल की दवा' म्हणून विकली जायची.

१९३१ मध्ये दोन गोष्टी घडल्या. दिल्लीत सलीमुज्जमाँ सिद्दीकी या रसायनशास्त्रज्ञाने या मुळीतली काही द्रव्यं वेगळी काढली. त्यातल्या एकाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्या नावावरून 'अजमालीन' नाव दिलं. हृदयाच्या एका विशिष्ट आजाराच्या तपासणीत ते आजही वापरतात. त्याच वर्षी कोलकात्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस या दोघांनी एक लेख छापला. सर्पगंधा हे वेडावरचं आणि उच्च रक्तदाबावरचं नवं भारतीय औषध आहे, असं त्यांनी लेखाच्या मथळ्यातच म्हटलं होतं.

नीट बघा, दोन्ही उपयोग १९३१ मध्येच छापून आले होते. पण लेख भारतीय मासिकात होता. जगाने तो वाचायला जवळजवळ वीस वर्षं लावली.

मुंबईचे डॉक्टर वकील

जगाने तो विषय उचलला तो मुंबईमुळे. केईएम हॉस्पिटलमधले डॉ. रुस्तम जाल वकील आपल्या बीपीच्या रुग्णांना ही मुळी देत होते. १९४९ मध्ये त्यांनी 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये ५० रुग्णांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. पारंपरिक औषध काम करतं असं नुसतं सांगून ते थांबले नाहीत. औषधाआधी बीपी किती, नंतर किती, त्रास काय झाला, हे सगळं मांडलं. आकडे होते म्हणून लंडन आणि बोस्टनच्या डॉक्टरांना ते तपासून बघता आलं.

बोस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स यांनी ते तपासलं आणि एक वेगळीच गोष्ट त्यांच्या लक्षात आली. बीपी तर उतरत होतंच, पण रुग्ण शांतही होत होते. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीने मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं आणि त्याला नाव दिलं 'रिसर्पिन'.

काचा फुटायच्या थांबल्या

१९५३ मध्ये न्यूयॉर्क टाइम्समध्ये अहमदाबादच्या डॉ. हकीम यांच्या कामाची बातमी आली. मनोरुग्णांना सर्पगंधा दिल्याची ती बातमी होती. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलमधले नेथन क्लाइन यांनी ती वाचली आणि आपल्या रुग्णांवर हे औषध वापरून बघितलं. १९५४ मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. क्लाइन नंतर सांगायचे की फरक आधी कळला तो हॉस्पिटलच्या खिडक्यांना काचा बसवणाऱ्या माणसाला, कारण फुटलेल्या काचा बदलायचं कामच कमी झालं!

याच सुमारास पॅरिसमध्ये दुसरं औषध आलं होतं. आंरी लाबोरी नावाचे सर्जन ऑपरेशनच्या वेळी रुग्णाचं शरीर शांत राहावं म्हणून औषधं शोधत होते. त्यात त्यांना क्लोरप्रोमाझिन सापडलं. १९५२ मध्ये डिले आणि डेनिकर यांनी ते मनोरुग्णांना दिलं आणि भ्रम, भास, आरडाओरडा कमी झाला. म्हणजे एक औषध बीपीच्या वॉर्डातून आलं आणि दुसरं ऑपरेशन थिएटरमधून. डिप्रेशनवरचं पहिलं औषध तर टीबीच्या वॉर्डातून आलं. इप्रोनियाझिड घेणारे टीबीचे रुग्ण अचानक उत्साही दिसू लागले, म्हणून १९५७ मध्ये याच क्लाइन यांनी ते डिप्रेशनसाठी वापरलं.

१९५७ चा लास्कर पुरस्कार, म्हणजे अमेरिकेतला वैद्यकशास्त्रातला फार मोठा मान, मिळाला त्या मंडळींमध्ये क्लाइन, लाबोरी, डेनिकर होते आणि आपले डॉ. वकीलही होते. सेन आणि बोस यांची नावं त्या यादीत नव्हती.

१९५५ मध्ये अमेरिकेच्या सरकारी मनोरुग्णालयांत सुमारे ५ लाख ६० हजार माणसं होती. तिथून पुढे हा आकडा उतरत गेला. पण गोष्ट इथे "आणि सगळे सुखी झाले" अशी संपत नाही. बाहेर आलेल्यांसाठी घर, काम, जवळचा दवाखाना यांची सोय पुरेशी झालीच नाही. कित्येक जण फुटपाथवर किंवा तुरुंगात पोचले. शिवाय ही औषधं वर्षानुवर्षं घेतल्यावर काहींच्या तोंडाच्या, जिभेच्या आपोआप हालचाली सुरू झाल्या. गोळीमुळे माणूस कुलपाबाहेर आला, पुढच्या आयुष्याची व्यवस्था गोळी करू शकत नव्हती.

उलटा तर्क

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येऊ. १९५५ मध्ये अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेत दिसलं की रिसर्पिन दिल्यावर मेंदूतला सेरोटोनिनचा साठा रिकामा होतो. पुढे स्वीडनच्या आर्विद कार्लसन यांनी सशांना रिसर्पिन दिलं. ससे निपचित पडले. मग त्यांना एल-डोपा टोचलं आणि ते पुन्हा हलू लागले, कारण एल-डोपापासून मेंदूत डोपामिन बनतं. पार्किन्सनच्या आजारावरच्या उपचाराचा रस्ता इथून निघाला आणि कार्लसन यांना २००० मध्ये नोबेल मिळालं.

त्याच काळात काही डॉक्टर म्हणू लागले की बीपीसाठी रिसर्पिन घेणारे काही रुग्ण उदास होतायत. मग हिशोब असा मांडला गेला: रिसर्पिन मेंदूतली ही रसायनं कमी करतं आणि माणूस उदास होतो. इप्रोनियाझिड ती रसायनं टिकवून ठेवतं आणि माणूस खुलतो. म्हणजे डिप्रेशन या रसायनांच्या कमतरतेमुळेच येत असणार! १९६५ पर्यंत हा विचार नीट सिद्धांत म्हणून मांडला गेला होता. १९८७ मध्ये अमेरिकेत प्रोझॅकला परवानगी मिळाली, आणि पुढे जाहिरातींनी त्याचं एका ओळीचं सूत्र करून टाकलं.

या तर्कात भोक कुठे आहे? समजा, डोकं दुखतंय आणि क्रोसिन घेतल्यावर थांबलं. म्हणून शरीरात क्रोसिन कमी होतं, असं आपण म्हणतो का? तसंच आहे हे. शिवाय एक गोष्ट तेव्हाच समोर होती. १९५५ मध्येच लंडनमध्ये डेव्हिस आणि शेफर्ड या दोघांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांवर रिसर्पिनची चाचणी घेतली. काहींना खरं औषध, काहींना नुसती साखरेची गोळी. आणि रिसर्पिनने रुग्णांना बरं वाटलं! ज्या औषधाने माणसं उदास होतात असं म्हणत होते, त्याच औषधाने उदास माणसं सुधारली. पण ते निष्कर्ष मागे पडले, कारण ते सोप्या गोष्टीत बसत नव्हते. नंतर जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा रिसर्पिनमुळे डिप्रेशन येतं याचा पुरावाही कच्चाच निघाला. २०२२ मध्ये सगळ्या अभ्यासांचा एक मोठा आढावा आला. डिप्रेशनमध्ये सेरोटोनिन कमी असतं याचा ठोस पुरावा त्यातही सापडला नाही.

मग निदान कशावर करतात?

डॉ. वकील यांच्याकडे बीपीचं यंत्र होतं. मनाला तसं यंत्र आजही नाही. डिप्रेशन किंवा बायपोलर ठरवणारी रक्ताची तपासणी नाही. कुणी "सेरोटोनिन टेस्ट करून देतो" म्हणालं तर पैसे खिशातच ठेवा. थायरॉइड किंवा बी-१२ तपासायला सांगतात ते वेगळ्या कारणाने, तसाच त्रास देणारा दुसरा आजार नाही ना, हे बघायला.

डॉक्टर विचारतात, ऐकतात आणि लक्षणं किती दिवसांपासून आहेत, कामावर आणि झोपेवर काय परिणाम झालाय हे जुळवून बघतात. यात चुका होऊ शकतात. १९७० च्या सुमारास न्यूयॉर्क आणि लंडनच्या डॉक्टरांना त्याच त्या मुलाखतींच्या व्हिडिओ टेप दाखवल्या, तर अमेरिकन डॉक्टर 'स्किझोफ्रेनिया' म्हणायचे तिथे ब्रिटिश डॉक्टर बऱ्याचदा दुसरंच काही म्हणत होते. एव्हाना या फरकाला महत्त्व आलं होतं, कारण बायपोलरसाठी लिथियम होतं. ते योग्य माणसापर्यंत पोचायचं तर निदान एकसारखं हवं. म्हणून १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी कारणांचा वाद बाजूला ठेवून लक्षणांच्या स्पष्ट याद्या केल्या. त्या याद्यांनी डॉक्टरांना एक भाषा दिली. कारण त्यांनाही सापडलेलं नाही.

मग गोळ्या खोट्या आहेत का?

अजिबात नाही. मघाचं उदाहरण परत घ्या: डोकेदुखीचं कारण क्रोसिनची कमतरता नसली तरी क्रोसिनने डोकं थांबतं. मध्यम ते तीव्र डिप्रेशनमध्ये औषधांनी अनेकांना फरक पडतो. लिथियमने बायपोलरमध्ये कित्येकांचा जीव वाचलाय. कारण कळलं नाही म्हणून उपचार निरुपयोगी ठरत नाही. तुमची गोळी चालू असेल तर हा भाग ऐकून ती मनाने बंद करू नका. अचानक थांबवली तर त्रास होतो, डॉक्टरांशी बोलून हळूहळू कमी करतात.

आणि दुसऱ्या बाजूचं टोकही नको. "सर्पगंधा आपलीच, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट नाही" असं म्हणून ऑनलाइन चूर्ण मागवू नका. त्या मुळीने बीपी खरंच उतरतं, गुंगी येते, आणि दुसऱ्या औषधांबरोबर ती धोक्याची ठरू शकते. नैसर्गिक आहे म्हणून ती सौम्य होत नाही. तिच्यात दम होता म्हणून तर जगाने ती उचलली. एवढी उचलली की आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत.

'केमिकल इम्बॅलन्स' या शब्दाने एक चांगलं काम केलं, ते मान्य करू. "मनाचा कमकुवत आहे", "बाहेरची बाधा आहे" असं म्हणणाऱ्या घरांत त्याने आजाराला आजार म्हणायला शिकवलं. पण त्या वाक्यामुळे एखादी मुलगी असंही समजते की माझा मेंदू जन्माचाच बिघडलाय, आता गोळीशिवाय काही होणार नाही. मग नोकरीचा ताण, घरातली मारहाण, झोपेचं खोबरं, एकटेपणा, याबद्दल कुणी विचारतच नाही. बोलण्याचे उपचारही असतात, आणि त्यांचाही उपयोग होतो, हे तिला कुणी सांगत नाही.

म्हणून पुढच्या वेळी मित्र विचारेल, "माझ्या मेंदूत नक्की काय बिघडलंय?", तर त्याला खरं उत्तर द्या: नक्की कुणालाच माहीत नाही, पण बरं वाटण्याचे एकाहून जास्त रस्ते माहीत आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने उपचार मिळणं हा तुमचा हक्क केलाय. सरकारची टेली-मानस हेल्पलाइन १४४१६ या नंबरवर फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. नंबर सेव्ह करून ठेवा, स्वतःसाठी नाही तर शेजारच्या बाकावरच्या कुणासाठी.