तळटीप : पहाटे मंदावणारा वणवा
* मेळघाटात वणव्यांचे दिवस साधारण फेब्रुवारी ते जून. वाळलेले गवत हवेतला ओलावा तासा-दोन तासांत शोषते आणि तितक्याच लवकर सोडते. सागाच्या जाड ओंडक्याला त्यासाठी कित्येक दिवस लागतात. पेटण्याआधी गवतातल्या पाण्याची वाफ व्हावी लागते आणि आगीची बरीच उष्णता तिथेच खर्ची पडते. दुपारी हवा सर्वांत कोरडी, गवत चुरगाळताच कडकड मोडते. पहाटे गारव्याने सापेक्ष आर्द्रता वाढते, तेच गवत बोटांना मऊ लागते आणि ज्वाळा जमिनीलगत येतात. दमट हवेत प्राणवायू कमी पडून आग मंदावते, ही समजूत बरोबर नाही. तो फरक नगण्य असतो. मात्र धुमसते ओंडके तसेच राहिले, तर ऊन चढताच वणवा पुन्हा भडकतो.