आद्य भूखंडांचा कालनिर्णय

पृथ्वीचें वय किती, हा प्रश्न जितका जुना तितकींच त्याचीं उत्तरें विलक्षण. आपल्या पुराणांनीं कल्प आणि मन्वंतरें यांचा हिशेब मांडतांना कोटींचे आंकडे सहज वापरले. उलट आयर्लंडांतील आर्चबिशप अशर यानें १६५० सालीं बायबलांतील वंशावळी मोजून सृष्टीचा आरंभ इ. स. पूर्वीं ४००४ या वर्षीं झाला असें ठरविलें. आमचा आंकडा मोठा म्हणून तो शास्त्रीय, असें मानणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाहीं; पण दोन्ही पक्षांजवळ खडकाचा पुरावा नव्हता, हें विसरतां कामा नये. खडकासच त्याचें वय विचारण्याची विद्या अवघी सव्वाशे वर्षांच्या आंतबाहेरची आहे.

तिच्या आधीं एक मोठा वाद होऊन गेला. १८६२ सालीं लॉर्ड केल्विन यांनीं पृथ्वी हा एक निवत जाणारा तप्त गोळा आहे असें धरून तिचें वय दोन कोटी ते चाळीस कोटी वर्षांच्या दरम्यान असावें असें गणित मांडलें. पुढें १८९७ मध्यें तें दोन ते चार कोटींवर आणलें. भूस्तरशास्त्रज्ञांस हा काळ फारच अपुरा वाटे, परंतु केल्विनच्या गणितापुढें बोलण्याची छाती थोड्यांचीच होती. १८९६ त किरणोत्सर्गाचा शोध लागला आणि खडकांच्या पोटांत उष्णतेचा स्वतंत्र झरा आहे हें पुढें कळून आलें. १९०४ सालीं रदरफर्ड लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्यें यावर बोलत असतां स्वतः वृद्ध केल्विन श्रोत्यांत डुलक्या घेत बसले होते. ऐन मुद्द्यावर ते जागे झाले. तेव्हां रदरफर्डनें प्रसंगावधान राखून सांगितलें कीं, उष्णतेचा नवा उगम न सांपडल्यास आपलें गणित खरें, असें लॉर्डसाहेबांनींच म्हणून ठेविलें आहे! म्हातारा संतुष्ट झाला. ही कथा इतकी गोड आहे कीं, पाठ्यपुस्तकें ती सोडीत नाहींत. पण खरी चूक दुसरीकडेच होती. केल्विनचाच एक जुना सहायक जॉन पेरी यानें १८९५ सालीं दाखवून दिलें होतें कीं, पृथ्वीच्या अंतर्भागांत उष्णता वाहून नेण्याची सोय अधिक असेल, तर तिचें वय कितीतरी पटींनीं वाढतें. त्याचें म्हणणें फारसें कोणी मनावर घेतलें नाहीं. थोरांच्या चुकीपेक्षां लहानांची दुरुस्ती विस्मरणांत लवकर जाते.

किरणोत्सर्गानें उष्णतेबरोबर घड्याळही दिलें. युरेनियमचें ठराविक गतीनें शिसें होतें. तेव्हां खनिजांतील दोहोंचें प्रमाण मोजलें कीं काळ निघतो. अमेरिकेंत बोल्टवुडनें १९०७ सालीं अशा रीतीनें ४१ कोटींपासून २२० कोटींपर्यंत वयें काढलीं, आणि १९११ मध्यें लंडनच्या आर्थर होम्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें सिलोनांतील खडकास १६४ कोटी वर्षें दिलीं. शिशाचे निरनिराळे प्रकार असतात, व सगळेंच शिसें युरेनियमपासून झालेलें नसतें, हें तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. तो गुंता सुटत सुटत १९५६ साल उजाडलें. त्या वर्षीं क्लेअर पॅटरसन यानें ॲरिझोनांतील लोखंडी उल्केच्या आधारें पृथ्वीचें वय सुमारें ४५५ कोटी वर्षें ठरविलें, आणि तें आजही जवळजवळ तसेंच उभें आहे.

पण पृथ्वीचें वय कळलें म्हणजे भूखंडांचें कळलें असें नव्हे. महासागरांचा तळ बहुतेक सर्वत्र वीस कोटी वर्षांहून तरुण आहे; जुनें जें कांहीं उरलें तें भूखंडांच्या गाभ्यांत. ग्रीनलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर मॅक्ग्रेगर या भूशास्त्रज्ञानें, कोणता खडक कोणत्या खडकास छेदून गेला आहे एवढ्याच निरीक्षणावरून, तेथील कांहीं पट्टिताश्म फार पुरातन असले पाहिजेत असा तर्क बांधला. ऑक्सफर्डच्या मूरबाथनें व त्याच्या सहकाऱ्यांनीं १९७१ सालापासून त्यांचें मापन प्रसिद्ध केलें. वय निघालें सुमारें ३७० कोटी. डोळ्यांनीं बांधलेला तर्क यंत्रानें खरा ठरविल्याचें हें उदाहरण मला या साऱ्या इतिहासांत विशेष आवडतें. पुढें कॅनडांतील अकास्टा नदीजवळचा खडक ४०३ कोटींचा निघाला.

याहून मागें जाण्यास अखंड खडक अपुरे पडतात. तेथें झिर्कॉन नांवाचा चिवट कण उपयोगी येतो. ग्रॅनाइटासारखा रस थिजतांना हा स्फटिक युरेनियमला थारा देतो, शिशाला देत नाहीं. त्यामुळें आंत सांपडलेलें शिसें बहुतेक मागाहून जन्मलेलें. शिवाय युरेनियमचे प्रकार दोन, त्यांचीं अर्धायुष्यें निराळीं, एकाचें सुमारें ४४७ कोटी वर्षें, दुसऱ्याचें सत्तर कोटी. म्हणजे एकाच कणांत दोन घड्याळें. दोहोंची वेळ जुळली तर साक्ष विश्वसनीय. न जुळल्यास शिसें कोठेंतरी गळालें असें समजावें. अस्सल कागदाची तिथि व वार परस्परांशीं ताडून पाहणाऱ्या आपल्या इतिहाससंशोधकांस ही रीत परकी वाटणार नाहीं.

कॅनबेरा येथें कॉम्प्स्टन व त्याच्या मंडळीनें बनविलेल्या यंत्रानें कणाचा केंसाहूनही बारीक ठिपका तपासतां येऊं लागला. त्याच्या साह्यानें १९८३ मध्यें पश्चिम ऑस्ट्रेलियांत ४१० ते ४२० कोटींचे कण सांपडले, आणि २००१ सालीं जॅक हिल्स येथील एक कण ४४० कोटींचा ठरला. मात्र येथें सावध राहावें. कण जुना म्हणून खडक जुना नव्हे. नव्या वाड्याच्या पायांत जुन्या देवळाचा कोरीव दगड बसवावा तसे हे कण सुमारें तीनशे कोटी वर्षांपूर्वींच्या गोट्यांच्या खडकांत येऊन पडले आहेत. त्यांतील प्राणवायूच्या प्रकारांवरून मूळ द्रव्याचा पाण्याशीं संबंध आला होता असें दिसतें, हें मोठें फलित आहे. परंतु मूठभर कणांवरून त्या काळीं विस्तीर्ण भूखंडें होतीं असें म्हणणें म्हणजे विटेच्या तुकड्यावरून राजधानी उभी करणें होय.

भूखंड घडण्याची तऱ्हा मात्र बरीच उलगडली आहे. जड, काळा बेसॉल्ट पाणी मुरलेल्या स्थितींत खोल दाबला जाऊन अर्धवट वितळला कीं हलका, ग्रॅनाइटासारखा रस निघतो. तो वर येऊन तरंगतो व सहसा बुडत नाहीं. तो बेसॉल्ट खालीं नेला कोणी, याविषयीं तंटा आहे. आजच्याप्रमाणें एक कवचखंड दुसऱ्याखालीं घुसला असें एक पक्ष म्हणतो. जाड थराचा तळच आपल्या भारानें वितळला असें दुसरा. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील पिलबारा प्रांताचे घुमटाकार ग्रॅनाइट पाहतां मला त्या प्रदेशापुरता दुसरा पक्ष सबळ वाटतो. आपल्या सिंहभूमचीही साक्ष तशीच आहे. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनाप्रमाणें, खालून ग्रॅनाइटाची जाडी वाढत गेल्यामुळें ती भूमि ३३० ते ३२० कोटी वर्षांपूर्वीं समुद्राबाहेर आली. त्याच प्रदेशांत, ओडिशांतील चंपुआजवळ, ४२४ कोटींचा एक झिर्कॉन २०१८ मध्यें नोंदला गेला.

महाराष्ट्राचा काळा फत्तर या मानानें अगदींच पोरका वयाचा, साडेसहा कोटींच्या आसपासचा. पण त्याच्या खालीं काय आहे, हें कोयनेजवळ खोल भोंकें पाडलीं तेव्हां दिसलें. सुमारें एक किलोमीटर जाडीचा फत्तर संपतांच प्राचीन ग्रॅनाइट व पट्टिताश्म लागले, आणि दोहोंच्या मध्यें गाळाचा थर आढळला नाहीं. लाव्हा आला तो उघड्या पडलेल्या जुन्या भूमीवरच.