किलियन एम्बापे विरुद्ध पीएसजी: ‘फुकटात’ निघालेल्या स्टारचा पगार क्लबने का अडवला?

12 ऑगस्ट 2023. पॅरिस सेंट-जर्मेन, म्हणजेच पीएसजी या क्लबचा फ्रेंच लीगच्या नव्या मोसमातला पहिला सामना. मैदान घरचं, समोर लोरियाँचा संघ. पण पीएसजीच्या संघात किलियन एम्बापेचं नाव नव्हतं. तो जखमी नव्हता आणि त्याच्यावर बंदीही नव्हती. क्लबनेच त्याला बाहेर ठेवलं होतं. सामना 0-0 असा सुटला.

जेमतेम आठ महिन्यांपूर्वी वर्ल्ड कप फायनलमध्ये हॅटट्रिक करणाऱ्या 24 वर्षांच्या खेळाडूला त्याचाच क्लब बाकावरही का बसवत नव्हता? उत्तर एका करारात दडलं होतं. हा वाद पुढे दोन वर्षांहून अधिक काळ चालला आणि थेट पॅरिसच्या कामगार न्यायालयात पोहोचला.

करार नेमका काय होता?

एम्बापे 2017 मध्ये मोनॅकोकडून पीएसजीत आला. आधी एक वर्ष उसनवारीवर आणि नंतर कायमचा. हा व्यवहार सुमारे 18 कोटी युरोंचा असल्याचं सांगितलं गेलं.

2022 च्या उन्हाळ्यात त्याचा करार संपत होता आणि तो रेआल माद्रिदला जाणार असंच सगळे धरून चालले होते. पण मे 2022 मध्ये त्याने पीएसजीसोबत नवा करार केला. तेव्हा त्याने ‘2025’ लिहिलेली जर्सी उंचावून दाखवली. प्रत्यक्षात करार 2024 पर्यंतचाच होता. पुढचं एक वर्ष वाढवायचं की नाही, हा पर्याय होता आणि तो एम्बापेच्या हातात होता.

एका पत्राने काय बिघडलं?

जून 2023 मध्ये एम्बापेने क्लबला लेखी कळवलं की, तो हे वाढीव वर्ष घेणार नाही. म्हणजे 30 जून 2024 नंतर तो मोकळा.

पीएसजीसाठी हा मोठा धक्का होता, कारण फुटबॉलमध्ये क्लबला ट्रान्सफरचे पैसे मिळतात ते खेळाडूचा करार शिल्लक असेपर्यंतच. करार संपला की खेळाडू कुठेही जाऊ शकतो आणि जुन्या क्लबला एक छदामही मिळत नाही. यालाच ‘फ्री ट्रान्सफर’ म्हणतात.

हा नियम बेल्जियमच्या जाँ-मार्क बॉस्मन या खेळाडूमुळे आला. आधी करार संपल्यानंतरही क्लब पैसे मागून खेळाडूला अडवू शकत असे. 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने ही पद्धत युरोपीय देशांतल्या बदल्यांसाठी रद्द ठरवली. फिफाच्या नियमानुसार, कराराचे शेवटचे सहा महिने उरले की खेळाडू दुसऱ्या क्लबशी उघडपणे करारही करू शकतो.

त्यामुळे पीएसजीने एम्बापेसमोर दोनच पर्याय ठेवले: करार वाढव, नाहीतर आत्ताच विक्रीला तयार हो.

मग दबाव कसा आला?

जुलै 2023 मध्ये संघ जपान आणि दक्षिण कोरियाच्या दौऱ्यावर गेला. एम्बापेला पॅरिसमध्येच ठेवलं. जे खेळाडू क्लबला नको होते, त्यांच्यासोबत त्याला सराव करावा लागला.

त्याच काळात सौदी अरेबियाच्या अल-हिलाल क्लबने त्याच्यासाठी 30 कोटी युरोंची बोली लावली. पीएसजीने बोलणी करायला परवानगी दिली. एम्बापेने त्यांच्या प्रतिनिधींना भेटायलाही नकार दिला.

फ्रान्समधल्या खेळाडूंच्या संघटनेने इथे आक्षेप घेतला. कर्मचाऱ्याने सोडून जावं किंवा मालकाचं ऐकावं यासाठी त्याच्या कामाची परिस्थिती बिघडवणं, हा मानसिक छळ आहे, असं संघटनेचं म्हणणं होतं.

लोरियाँविरुद्धच्या सामन्यानंतर दुसऱ्याच दिवशी क्लबने एम्बापेला पुन्हा मुख्य संघात घेतलं. चर्चा ‘सकारात्मक’ झाल्याचं सांगण्यात आलं. खरा वाद इथूनच सुरू होतो: या चर्चेत नेमकं काय ठरलं?

5.5 कोटी युरो कसले?

एम्बापे संपूर्ण मोसम खेळला आणि 308 सामन्यांत 256 गोल करून, क्लबचा सर्वाधिक गोल करणारा खेळाडू म्हणून बाहेर पडला. जून 2024 मध्ये तो रेआल माद्रिदचा झाला. पीएसजीला ट्रान्सफरचे पैसे मिळाले नाहीत.

पण जाता जाता त्याचे सुमारे 5.5 कोटी युरो पीएसजीने दिले नाहीत. यात शेवटच्या तीन महिन्यांचा पगार आणि बोनसच्या रकमा होत्या.

पीएसजीची बाजू: ऑगस्ट 2023 मध्ये तोंडी समझोता झाला होता. एम्बापे फुकटात गेला तर काही रकमांवर पाणी सोडेल, असं ठरलं होतं. जानेवारी 2024 मध्ये एम्बापेनेही जाहीरपणे म्हटलं होतं की, क्लबच्या अध्यक्षांसोबतच्या समझोत्यामुळे सगळ्यांचं हित जपलं जाईल.

एम्बापेची बाजू: पगार सोडून देण्याचा कोणताही लेखी करार नाही. काम केलंय, तर पैसे द्या.

फ्रेंच लीगच्या समित्यांनी 2024 मध्ये दोनदा एम्बापेच्या बाजूने कौल दिला. पीएसजीने पैसे दिले नाहीत.

कोर्टात काय झालं?

प्रकरण कामगार न्यायालयात गेलं. फ्रान्सच्या या न्यायालयात मालक आणि कामगार या दोन्ही बाजूंचे प्रतिनिधी समान संख्येने न्यायाधीश म्हणून बसतात.

तोवर आकडे फुगले होते. नोव्हेंबर 2025 च्या सुनावणीत एम्बापेने 26 कोटी युरोंहून अधिक रक्कम मागितली. पीएसजीने उलट 44 कोटी युरोंचा दावा ठोकला. त्यात अल-हिलालची बोली हातची गेल्याचे 18 कोटी होते.

16 डिसेंबर 2025 रोजी निकाल आला. बॉस्मन निकालाला तेव्हा 30 वर्षं आणि एक दिवस झाला होता.

- पीएसजीने एम्बापेला थकीत पगार आणि बोनसपोटी 6 कोटी युरोंहून अधिक रक्कम द्यावी.
- एम्बापेने रक्कम सोडून दिल्याचा लेखी पुरावा नाही, त्यामुळे तोंडी समझोत्याचा मुद्दा टिकला नाही.
- छळाचा आणि इतर आरोप मात्र कोर्टाने मान्य केले नाहीत.
- पीएसजीचा 44 कोटींचा दावाही फेटाळला.

जिंकलं कोण?

मैदानावर पाहिलं तर दोघांचंही फारसं बिघडलं नाही. एम्बापे गेल्यानंतरच्या पहिल्याच मोसमात पीएसजीने इंटर मिलानला 5-0 ने हरवून पहिल्यांदा चॅम्पियन्स लीग जिंकली. त्याच मोसमात एम्बापेने स्पॅनिश लीगमध्ये 31 गोल करून युरोपचा ‘गोल्डन शू’ मिळवला.

कोर्टाने मात्र एक गोष्ट स्पष्ट केली. पगार कोट्यवधींचा असला तरी खेळाडू हा कायद्याने कर्मचारीच आहे. क्लबला ट्रान्सफरचे पैसे मिळाले नाहीत म्हणून त्याने केलेल्या कामाचा पगार रोखता येत नाही. आणि पगारावर पाणी सोडायचंच असेल, तर ते कागदावर यावं लागतं.