शिवलेली महाधमनी

पोटातून खाली उतरणारी महाधमनी एखाद्या जागी फुगते, त्या फुगवट्याला डॉक्टर ‘ॲन्युरिझम’ म्हणतात. वय, विडी-सिगारेट, रक्तदाब, कधी आनुवंशिकता, यांनी तिची भिंत कमकुवत होते. ती जितकी फुगते तितका तिच्यावरचा ताण वाढतो. बहुतेकांना काही जाणवतच नाही. अंगानं किडकिडीत असलेल्याच्या बेंबीशी हाताला ठोके लागतात, इतकंच. फुटली की पोटात, पाठीत भयंकर कळ येते आणि रक्तदाब कोसळतो.

१९४८ साली आइन्स्टाइन यांना हे निघालं तेव्हा सर्जन रुडॉल्फ निसेन यांनी धमनीला सेलोफेन गुंडाळलं. हो, पुड्यांना गुंडाळतात तेच! ते टोचत राहून भोवती जाड कवच तयार व्हावं, ही कल्पना. आइन्स्टाइन त्यावर सहा वर्षांहून अधिक जगले. १९५५च्या एप्रिलमध्ये धमनी फुटली, तेव्हा मात्र त्यांनी शस्त्रक्रियेला नकार दिला.

तोवर पॅरिसमध्ये सर्जन शार्ल ड्युबो यांनी १९५१ मध्ये फुगलेला भाग कापून तिथं मृताची धमनी जोडली होती. पण मृताच्या धमन्या मिळणार किती? मिळाल्या तरी पुढे त्या खराब होत.

वाट सापडली ती एका चुकलेल्या टाक्यातून. न्यूयॉर्कचे सर्जन आर्थर व्हूरीस यांना कुत्र्याच्या हृदयात राहिलेल्या रेशमी दोऱ्यावर काही महिन्यांनी चकचकीत अस्तर चढलेलं दिसलं. दोऱ्यावर चढतं, तर कापडावर का नाही? त्यांनी आधी रेशमी रुमालाची नळी करून पाहिली, मग विन्यॉन-एन कापडाची. १९५२ मध्ये हे प्रयोग प्रसिद्ध झाले.

ह्यूस्टनचे मायकल डिबेकी लहानपणी आईकडून शिवण शिकले होते. अशाच नळ्यांसाठी ते दुकानात नायलॉन आणायला गेले, तर ते संपलेलं. म्हणून डेक्रॉन हे पॉलिएस्टर कापड घेतलं आणि बायकोच्या शिलाई मशीनवर नळ्या शिवल्या. डेक्रॉनच टिकाऊ ठरलं. ही निवड शास्त्रापेक्षा दुकानदाराच्या साठ्यानं केली, असं माझं मत. अर्थात शिवता येणारा सर्जन भेटला, हेही त्या कापडाचं नशीब.

२००५च्या ३१ डिसेंबरला खुद्द डिबेकींच्याच महाधमनीचं अस्तर फाटलं. वय ९७. फेब्रुवारीत शिष्यांनी शस्त्रक्रिया करून तिथं डेक्रॉनची नळी बसवली. त्यानंतर ते दोन वर्षांहून अधिक जगले.